आईची बावीस मिनिटं

५ जानेवारी
आईचं वर्षश्राद्ध बारा तारखेला. धाकटी बहीण विभा सोलापूरहून येणार. फोनवर तिने एकच मागितलं, आईचं रेकॉर्डिंग ऐकव. जायच्या आठवडाभर आधी आई मुद्दाम तिच्यासाठी बोलली होती, बावीस मिनिटं. निर्धास्त ये म्हटलं. हायस्कुलात चार वर्षं मीच कॉम्प्युटर शिकवला. एक कॉपी डेस्कटॉपवर, तीन पेनड्राइव्हवर. खंडेनवमीला तिन्ही पेनड्राइव्हना हळदकुंकूही लावलं. एवढा बंदोबस्त अख्ख्या गाणगापुरात कुणाचा नसेल.

६ जानेवारी, सकाळी १०
फाइल उघडत नाही. मूळ वस्तू जागेवरून हलवली आहे, असं कॉम्प्युटर इंग्रजीत सांगतो. मी काहीही हलवलेलं नाही. तिन्ही पेनड्राइव्ह तेच सांगतात. व्हायरस. किरकोळ काम.

दुपारी १२
दारात मधुकरी मागणाऱ्याची हाक आली आणि आतून आईचा आवाज, "थांबा, आले." रोज अशीच भाकरी घेऊन निघायची. आत पाहिलं तर फक्त स्वयंपाकाच्या सिद्धम्मा. त्या म्हणाल्या, मी बोलले न्हाई. निष्कर्ष: फाइल मधूनच आपोआप चालते. म्हणजे शाबूत आहे.

७ जानेवारी
स्पीकर काढून कपाटात ठेवले. दुपारी बाराला पुन्हा, "थांबा, आले." घाबरलो. इथे कबूल करायला हरकत नाही.
उद्यापासून भ्यायचं नाही.

८ जानेवारी
भ्यालो. पण कालच्यापेक्षा कमी.

९ जानेवारी
कॉम्प्युटर फॉरमॅट केला. धाडसी निर्णय. फाइल तरीही उघडत नाही. म्हणजे दोष पेनड्राइव्ह कंपनीचा.

१० जानेवारी
कलबुर्गीला गेलो. किरणकुमार, माझाच विद्यार्थी, मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने फाइल पाहिली, मग माझ्याकडे.
"सर, ह्यात आवाज न्हाई. आवाज जिथं ठेवलाय तिथला नुसता पत्ता हाय. मेमरी कार्ड कुठं हाय?"
कार्ड आईच्या मोबाइलमधलं. मीच ते कॉम्प्युटरला लावून फाइल डेस्कटॉपवर घेतली होती. क्षणात आली. मशीनच्या वेगाचं तेव्हा कौतुक वाटलं होतं. कार्ड परत मोबाइलमध्ये घातलं. आणि मोबाइल? तो आईच्या हातातून सुटत नसे, म्हणून अस्थींबरोबर मीच संगमात सोडला. चार कॉपी होत्या ना.
किरणकुमारने चहा मागवला.

११ जानेवारी
विभा आली. बसस्टँडवरच सांगायचं ठरवलं होतं, पण तिच्याकडे सामान फार होतं. घरी ती दमलेली. मग जेवण. श्राद्धाच्या आदल्या दिवशी असलं काही सांगू नये, असं माझं मत झालं आहे.

१२ जानेवारी
पानं उठल्यावर सांगितलं. ती भांडेल म्हणून मी सात मुद्दे काढून ठेवले होते. ती भांडली नाही. मग म्हणाली, "असू दे, दादा. तू तर ऐकलास ना? काय म्हणायलती रे आई?"
मी म्हणालो, तुझी फार आठवण काढत होती.
ती रडली. मग तिला जरा बरं वाटलं असावं.
त्या दिवशी रेकॉर्डिंग सुरू करून मी बाहेर गेलो होतो. परत आल्यावर आई म्हणाली, नीट आलंय का एकदा ऐकून बघ. मी म्हटलं, सेव्ह झालंय, कधीही ऐकता येईल.
मी ते एकदाही ऐकलेलं नाही.