दोन ताऱ्यांचा तक्ता

ईट, ९ फेब्रुवारी १९६४
आलो एकदाचे! ओसरीत ऊन, दारात शेवगा फुललेला. सौ. चंद्रप्रभा दुखण्यातून उठली, हवापालट हवा, म्हणून हे भाड्याचे घर. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी तिची नाडी मोजून लिहायला सांगितली आहे. शिवाय मला कामही मिळाले. हैदराबादेत प्राध्यापक झालेल्या जुन्या विद्यार्थ्याने गणित पाठवले आहे: दोन विझलेले, अतिघट्ट तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात, अवकाशात लाटा उठवतात, शेवटी एक होतात. दोन लाटांमधला वेळ कसा घटतो, त्याचा तक्ता करायचा. पडताळ्यासाठी हेच गणित तुळजापुरात माझा बालमित्र मार्तंडही करतो आहे; संपेपर्यंत एकमेकांशी बोलायचे नाही. लॉगचे पुस्तक उघडले, आकडे तालात वाचू लागलो आणि शार्दूलविक्रीडित वृत्त घोकणारा माझा जुना वर्गच कानात घुमला. पहिली ओळ: ०.८३ सेकंद. नाडी बहात्तर.

११ फेब्रुवारी
दुसरी ओळ ०.७५. नाडी ऐंशी. शेजारची सिताबाई दूध घालायला आली, म्हणाली, मास्तर, आकडं मांडताव का मंतर म्हणताव? चंद्रप्रभा किती दिवसांनी हसली!

१३ फेब्रुवारी
०.६३. नाडी पंचाण्णव. सहज मिनिटाच्या साठ सेकंदांना ०.६३ ने भागून पाहिले. पंचाण्णव. मागच्या दोन्ही ओळी भागल्या. बहात्तर. ऐंशी. योगायोगच म्हणायचा.

१४ फेब्रुवारी
०.५०. एकशेवीस. सिताबाईने चंद्रप्रभेचा हात हातात घेतला नि झटकन सोडला. म्हणाली, बाईंच्या अंगात कुनीतरी पळतंय.

१५ फेब्रुवारी
वही बंद ठेवली. नाडी एकशेवीसच. वाढली नाही! म्हणजे माझ्याच हातून—

१६ फेब्रुवारी
एक आकडाही लिहिला नाही. नाडी एकशेपन्नास. मी नव्हे, मग कोण— मार्तंड! तो पुढच्या ओळीवर गेला. तक्ता संपला की तारे एक होतात. पुढे लाट नाही. आणि लाट नाही म्हणजे तिची— नियम मोडला, त्याला तार केली: थांब.

१७ फेब्रुवारी, दुपार
एस.टी.च्या कंडक्टरने मार्तंडची चिठ्ठी आणून दिली. लिहितो, मागं पडलास म्हणून मला अडवतोस व्हय रे? शाळेतही असाच होतास. दोनच ओळी उरल्यात, जेवण झालं की उरकतो.

दोन वाजून गेले. त्याचे जेवण—

तिचे मनगट धरले आहे. मोजता येत नाही. ती म्हणते, अहो, कुणीतरी जवळ येतंय, फार जवळ—

आता वेगळे ठोके लागत नाहीत. सगळे सलग. एकच

एक