लॉकरची किल्ली माझ्याकडे

बुधवार, १६ एप्रिल
आजपासून मी पण क्लबात! धरणावरच्या बोट क्लबात माझी नात साक्षी स्की करते. पायाला लांब फळ्या, पुढे मोटरबोट, दोरी धरून ही मागे उभी. उभी! पाण्यावर! चौथीच्या शिक्षणात हे लिहायला शब्द नाहीत. लॉकरची किल्ली तिनं काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. म्हणाली, आजी, फळ्या, त्यांचे रबरी बूट, जॅकेट, बठ्ठं पुसायचं, सावलीत वाळवायचं, मगच आत ठेवून कुलूप. सत्तावीसला राज्याची निवड आहे. म्हटलं, चाळीस वर्षं ज्वारीला कीड लागू दिली नाही, फळ्यांचं काय घेऊन बसलीस.

शुक्रवार, १८ एप्रिल, दुपार
लॉकर पत्र्याचा. हात लावला तर चटका. एवढं ऊन वाया? घरी गच्चीवर माकडं बिबड्यांचा एक पापड ठेवत नाहीत. परातभर बिबडे आणून वरच्या कप्प्यात ठेवले. ज्वारी घरची, लसूण-तीळ भरपूर. हवा लागावी म्हणून दारात चप्पल अडकवली, कुलूप नुसतं लटकवलं. दोन दिवसांचा तर प्रश्न. साक्षीला सांगितलं नाही, तिला प्रॅक्टिसचं टेन्शन.

रविवार, २० एप्रिल
फळ्या ओल्याच आत ढकलल्या. बिबडे वाळतात तिथे फळ्या नाही वाळणार? वॉचमन नथ्थूनं विचारलं, अक्का, दार उघडं का शे? म्हटलं, हवा खेळते. मान डोलावून फेरीला गेला. भला माणूस. उद्यापासून नक्की पुसायचं.

मंगळवार, २२ एप्रिल
मेल्या उंदरानं घात केला. डाव्या बुटाचं रबर कुरतडून टाकलं. साक्षीचा चेहरा पाहवेना. वरचा कप्पा रिकामा, बिबडे नाहीत, परात पण नाही. उंदीर परात कशी नेईल, हा विचार मी मुद्दाम केला नाही.
सेक्रेटरी साहेब नथ्थूवर ओरडले, तुझं लक्ष कुठे असतं, लॉकर उघडा राहतोच कसा? तो म्हणाला, चूक झाली साहेब. त्याला पार्किंगच्या गेटवर टाकलं. तिथे झाड नाही. मी बोलणारच होते, पण खोकला आला.

गुरुवार, २४ एप्रिल
सांगायला गेटवर गेले. नथ्थू डोक्यावर ओला टॉवेल घेऊन उभा. ताक दिलं. प्यायला. ताक देणं म्हणजे अर्धं सांगणंच झालं.
साक्षीनं पाचोऱ्याच्या मुलीच्या फळ्या मागून घेतल्यात. बूट एक नंबर मोठे. आज चारदा पडली. म्हणते, काही नाही गं आजी, होईल. वर मलाच म्हणते, किल्ली तुझ्याकडेच राहू दे, तू नीट सांभाळतेस. दोरा मानेला टोचतो. नायलॉनचा असेल.

शनिवार, २६ एप्रिल
ठरलं. निवड झाल्यावर सांगायचं. आधी सांगितलं तर पोरीचं मन उडेल. हे मी तिच्यासाठीच करते. नथ्थूला एका दिवसानं काय होतं? आज त्रेचाळीस डिग्री होतं म्हणे.

रविवार, २७ एप्रिल
पहिली फेरी काय झाली! मी काठावर उभी राहून एवढी ओरडले की बगळे उडाले. दुसऱ्या फेरीत डावा पाय बुटातून निसटला. डावाच. तीन मुली घेतल्या. साक्षी राखीव.
मग गेटवर गेले. म्हटलं, नथ्थू, दार मीच उघडं ठेवलं होतं. तो म्हणाला, माले बठ्ठं माहीत शे, अक्का. केबिनमधून माझी परात काढली, वर फडकं. साहेब यायच्या आधी उचलली म्हणे, तुमचं नाव कशाला. परात अर्धी झालेली. म्हणे, मीठ जरा जास्त शे.
त्याचा हात धरून साहेबांकडे नेलं. साक्षीसमोर सगळं सांगितलं, चपलेसकट. साहेब हसले. नथ्थूला परत आत, सावलीत घेतलं. साक्षी हसली नाही. तिनं हात पुढे केला. मला वाटलं बिबडा मागते. दिला. तिनं तो नथ्थूला दिला आणि परत हात पुढे केला.
किल्ली आता नथ्थूकडे.
दोरा माझ्याच गळ्यात राहिलाय. आता टोचत नाही. थोडा टोचतो.