कबर माझ्या आत

प्रिय आई,

मेलेल्या लाजरसाला हाक मारून जिवंत करणाऱ्या प्रभू येशूने कबरेवरचा दगड माणसांनाच का सरकवायला लावला? हे मी किती दिवस स्वतःला विचारत होते.

मी वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

वॉर्डात रक्तगट तपासायला घेतलेल्या दोन पेशंटच्या रक्ताच्या नळ्यांवर मी नावांच्या चिठ्ठ्या उलटसुलट चिकटवल्या. चुकीच्या गटाचं रक्त चढून त्यातले एक आजोबा गेले. ठपका नळ्या तपासणीला नेणाऱ्या, वॉर्डातल्या आयाबाई मावशींवर आला. "तू शिकलीसवरलेली पोर, तू कशी चुकशील गं?" असं त्याच मला म्हणाल्या. तेव्हापासून रिकाम्या खाटेवरून आजोबांचा खोकला ऐकू येतो.

काल बायबल वाचताना उमगलं, ती कबर माझ्या आत आहे. प्रभू हाक मारतोय आणि दगड मीच धरून ठेवलाय.

नोकरी बहुतेक जाईल, बाबांना तू समजाव. आज सकाळी मोठ्या डॉक्टरांपुढे, मावशींना शेजारी बसवून, मी चूक कबूल केली.

तुझ्या प्रार्थनेतली,
लेक