नवव्या सापळ्यावरचं पीस

४ जानेवारी १९८७, रविवार

पोचलो एकदाचा. कटर गावापासून सतरा मैल, आणि शेवटच्या दोन मैलांत लोरीनबाईंनी स्टिअरिंग धरलं होतं आणि मी देवाचे पाय. तांब्याची खाण बंद पडल्यापासून सात महिने बहिणीच्या सोफ्यावर काढले. आता एका खोलीचं का होईना, लाकडी घर, लोखंडी शेगडी, खाट, आणि खिडकीबाहेर दिसेल तितका नेवाडाचा बर्फ, सगळं माझं. फेब्रुवारी संपेपर्यंत तरी.

घर लोरीनबाईंच्या थोरल्या भावाचं, ऑरिन स्टॅकपोलचं. चाळीस हिवाळे त्यानं या डोंगरात बॉबकॅट धरले. वीतभर शेपटीचं, ठिपक्यांचं ते रानमांजर दिसायला देखणं, म्हणूनच त्याच्या कातड्याचे कोट होतात. या वर्षी म्हाताऱ्याच्या फुप्फुसानं दगा दिला. त्याला माणूस हवा होता, मला छप्पर. त्याचा डावा पाय घोट्याखाली नाही, साखरेच्या आजारानं गेला म्हणतो. लाकडी पाय टेबलावर ठेवून त्यानं गावात दोन दिवस माझी शिकवणी घेतली. मला काही येत नाही हे त्यानं दर तासाला एकदा न चुकता सांगितलं.

मागच्या पडवीत त्याच्या आजाचा अस्वलाचा सापळा टांगलाय. दोन माणसांनी जोर लावला तरी त्याचा जबडा उघडत नाही. स्प्रिंगा दाबून उघडायला त्याला दोन मोठे शिकंजे लागतात, तेही शेगडीशेजारी खिळ्याला आहेत. ऑरिनला तो फेकवत नाही आणि वापरवतही नाही.

दर गुरुवारी लोरीनबाई डोंगराच्या धारेवरच्या रस्त्यानं येणार. मी खांबाला लाल टॉवेल बांधून ठेवायचा. टॉवेल हलताना दिसला की सगळं ठीक समजून त्या वरूनच हॉर्न वाजवून परत जाणार, नाही दिसला तर उतरून खाली येणार. गुडघे धड नाहीत, उगाच चढउतार कशाला करायला लावतोस, म्हणाल्या. टॉवेल बांधलाय, शेंगदाणा-लोणी लावून पाव खाल्ला, आता झोपतो.

६ जानेवारी, मंगळवार

बारा सापळे. पहाटे निघालो, दुपारी परत आलो. पाय बोलतायत, पण मन खूश आहे.

मांजर नाकापेक्षा डोळ्यानं शिकार करतं. म्हणून खडकाच्या कपारीत आमिष ठेवायचं आणि वर दोऱ्याला एक पीस टांगायचं. वाऱ्यानं ते फिरत राहतं, मैलावरून जाणाऱ्या मांजराला बघितल्याशिवाय राहवत नाही. मग वाट. जमिनीवर बोटभर जाडीची काडी आडवी टाकायची. मांजर काडीवर कधी पाय देत नाही, ती ओलांडून पलीकडे हलकेच पाऊल टाकतं. सापळा तिथे, मातीखाली. ऑरिन याला पाऊलकाडी म्हणतो. अशी काडी टाकायला मला दोन दिवस लागले, त्याला दोन सेकंद लागतात.

निघताना त्यानं एकच गोष्ट बजावली. कायदा म्हणतो चार दिवसांतून एकदा सापळा बघा. ऑरिनच्या लाइनवर, म्हणजे सापळ्यांच्या या रांगेवर, रोज जायचं. आणि प्रत्येक सापळ्याजवळ जायचं. त्यानं माझं मनगट धरून सांगितलं: "पायानं जाऊन बघ. डोळ्यानं बघू नकोस."

म्हाताऱ्याची बोटं जबड्यापेक्षा कमी नव्हती.

९ जानेवारी, शुक्रवार

पहिलं मांजर मिळालं, पाचव्यावर. मोठा बोका. पुढचा पंजा अडकलेला, गुरगुरला नाही, नुसता बसून माझ्याकडे बघत होता. रात्रीच अडकला असावा. ऑरिननं शिकवल्याप्रमाणे एका गोळीत काम केलं.  सहाव्यावर एक लहान मादी होती. तिला काठीच्या फासानं दाबून सोडून दिलं, ऑरिनचा तसा नियम आहे. पळताना एकदा वळून बघितलंन. लंगडतही नव्हती.

एकूण हा धंदा धरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो असं दिसतं. नीट केला तर त्यात क्रूरपणा कमी आहे. असं मी आज तरी म्हणतो.

१४ जानेवारी, बुधवार

काल रात्री कमरेएवढा बर्फ पडला. नववा सापळा शेवटचा बघितला परवा, बारा तारखेला; काल वादळामुळे निघालोच नाही. आजपासून नवी युक्ती. धारेवर चढायचं आणि दुर्बीण लावायची. सगळे दिसत नाहीत, पण पिसं दिसतात. मांजर अडकलं की ते आपटाआपटीत पीस उपटून खाली पाडतं. म्हणजे पीस फिरतंय तोवर सापळा रिकामा. आठ सापळ्यांची पायपीट वीस मिनिटांत. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. लांबचे चार मात्र जवळ जाऊन बघतो, ते धारेवरून दिसतच नाहीत.

नवव्याचं पीस छान फिरतंय.

१५ जानेवारी, गुरुवार

खांबाला टॉवेल होता, तरी लोरीनबाई पत्र नि डुकराचं मांस द्यायला खाली उतरल्या. गुडघ्यांना शिव्या घालत. ऑरिननं विचारलंय म्हणाल्या, पोरगा प्रत्येकाजवळ पायानं जातो ना. मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं आणि विषय बदलला. वाईट वाटलं खरं, पण बर्फ बघता कोणी शहाणा माणूस दुसरं काही करेल असं वाटत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

वरून हॉर्न. मी खिडकीतून हात केला. शेगडी पेटलेली, पत्ते मांडलेले. पीस फिरतंय.

२४ जानेवारी, शनिवार

नवव्यावर कावळे बसले होते. तीन. म्हणून गेलो.

पीस वर फिरत होतं. मांजर खाली होतं. खडकाच्या मागे, धारेवरून दिसत नाही त्या बाजूला. साखळी होती तितकी ओढून ते तिथे गेलं होतं, पिसाकडे फिरकलंच नसावं. साखळीच्या लांबीचं गोल वर्तुळ, त्यातलं प्रत्येक झुडूप मुळापर्यंत कुरतडलेलं. पोचेल तिथला बर्फ चाटून संपवलेला, खाली काळी माती. त्याच्या बाहेर हातभर अंतरावर पांढराशुभ्र बर्फ.

अकरा दिवस. बर्फ पडला त्या रात्रीच अडकलं असणार, बारा तारखेला सापळा रिकामा होता.

मेलं असेल असं वाटलं. त्यानं मान वर केली. मी बंदूक उचलली. ते उठलं. माझ्याकडे बघत, सावकाश, दमानं, मागे ओढत राहिलं. पाय सापळ्यातच राहिला. मांजर गेलं. तीन पायांवर, चालत. पळालंसुद्धा नाही.

मी गोळी झाडली नाही. का, ते सांगता येत नाही. सापळाही उचलला नाही, तो पाय तसाच त्यात आहे.

२६ जानेवारी, सोमवार

घराभोवती ठसे आहेत. तीन पंजे आणि चौथ्या जागी एक खड्डा. घराला पूर्ण फेरी. खिडकीसमोर बसल्याची खूण, खालचा बर्फ वितळलेला. बराच वेळ बसलं असावं.

मांजर जखमी आहे, उपाशी आहे, मांसाचा वास येत असेल. इतकंच.

२८ जानेवारी, बुधवार

सकाळी खिडकीबाहेर पीस लटकत होतं. वळचणीला, दोऱ्याला बांधलेलं.

माझ्या गाठी मला ओळखू येतात. ही गाठ माझी नाही.

ठसे फक्त तेच, तीन आणि खड्डा. आजूबाजूला माणसाचा एकही ठसा नाही. बर्फ ताजा आहे. पीस तोडून शेगडीत टाकलं. पण त्याआधी किती वेळ मी त्याच्याकडे बघत उभा होतो कोण जाणे. कॉफी थंडगार झाली होती. भीती वाटतेय. सरळ लिहितो, भीती वाटतेय.

उद्या गुरुवार. टॉवेल सोडून ठेवलाय, म्हणजे बाई खाली येतील.

२९ जानेवारी, गुरुवार

आल्या. सगळं सांगितलं. पाय, ठसे, पीस. वाटलं हसतील. त्या खाटेवर बसल्या आणि हातमोजे काढलेच नाहीत.

मग म्हणाल्या, "ऑरिनही एकदा एकाला विसरला होता. चार दिवस. नंतर तोही चार दिवस सापळ्यात पडून होता, त्याच डोंगरात. साखर-बिखर काही नाही रे, पाय त्यानं स्वतः कापला. तू किती दिवस विसरलास?"

मी चार म्हणालो.

का म्हणालो देवाला ठाऊक. तोंडातून निघून गेलं. त्यांनी मान हलवली, चार तर चार, जगतं माणूस, म्हणाल्या. आत्ता माझ्याबरोबर चल म्हणाल्या. पण अकरा ठिकाणी उघडे जबडे टाकून जायचं म्हणजे पुन्हा तेच करायचं. निदान एवढं तरी नीट करतो, सापळे उचलून येतो म्हणालो. ते त्यांनाही पटलं. ठरलं: रविवारी दुपारी त्या धारेवर येतील. टॉवेल दिसला तर काम बाकी आहे समजून वरूनच परत जातील आणि गुरुवारी पुन्हा तसंच बघतील. नाही दिसला तर उतरून मला घेऊन जातील.

टॉवेल घडी करून माझ्या बॅगेत तळाशी ठेवलाय. आता कुठलीही चूक नको.

३० जानेवारी, शुक्रवार

अकरा उचलले. प्रत्येकाजवळ पायानं गेलो.

दुपारी मागच्या पडवीत साखळी ओढल्यासारखा आवाज. लांब, सावकाश. गेलो नाही बघायला. दाराला खाट लावून बसलो. नववा राहिला. तो पाय पुरायचा आहे, तेवढं केल्याशिवाय मला जाववणार नाही.

बंदूक उद्या नेणार नाही. आता कोणालाही मारायचं नाही.

३१ जानेवारी, शनिवार

पेन्सिलीनं लिहितोय. वही कोटात होती.

सकाळी दारापासूनच वाटेवर काड्या होत्या. बोटभर जाडीच्या, आडव्या. आठ-दहा पावलांवर एकेक. मला कळलं काय आहे ते. मी शिकलोय ना हे. प्रत्येक काडी बघितली, काठीनं पुढची जमीन टोचली, काहीच नव्हतं. एक, दोन, दहा, वीस. काही नव्हतं. नवव्यापर्यंत आलो. खडकामागे वळलो. सापळ्यातला पाय नव्हता. आणि वर पीस —

मी पिसाकडे बघितलं. समोर काडी होती. न टोचता ओलांडली. मांजर ओलांडतं तशी.

अस्वलाचा आहे. पडवीतला. साखळी खडकाला गुंडाळलेली. शिकंजे घरात आहेत, शेगडीशेजारी खिळ्याला.

हाड मोडलंय. ओरडलो. वारा उलटा आहे.

उद्या बाई येणार. टॉवेल बॅगेत आहे. नाही दिसला तर उतरतील. एक रात्र. एकच —

१ फेब्रुवारी, रविवार

दोन खडकांमधल्या फटीतून घराचं छप्पर दिसतं, खांब दिसतो, वरची धार दिसते.

खांबाला टॉवेल आहे.

लाल. हलतोय. मी घडी करून तळाशी — माझ्या हातानं —

निळा ट्रक आला. थांबला. बाई उतरल्या, हात डोळ्यांवर धरून बघितलं. मी इथे ओरडतोय, कोट हलवतोय, पण मी खडकामागे आहे. त्यांना टॉवेल दिसतोय. दुरून.

हॉर्न. गेल्या.

२ फेब्रुवारी

हात पोचतो तिथला बर्फ संपला. खाली माती. बर्फ हातभर लांब आहे.

चाकू आहे. ऑरिनकडेही होता. सुरुवात केली, जमलं नाही. मी ऑरिन नाही.

बाई गुरुवारी. पण टॉवेल असणार. गुरुवारीही असणारच. चार म्हणालो मी त्यांना. चारच. चार दिवस जगतं माणूस, म्हणून कोणी घाई करणार नाही —

मोजलं. त्याचे अकरा दिवस म्हणजे मला अकरा तारखेपर्यंत.

४ किंवा ५

धारेवर काहीतरी बसलंय. सकाळपासून. लहान आहे. कान दिसतात. इकडे बघतंय.

येत नाही. हॉर्न वाजला तेव्हाही हललं नाही. म्हणजे आज गुरुवार. म्हणजे बाई गेल्या.

वर पीस फिरतंय. त्याला पीसच दिसत असणार. पीस फिरतंय म्हणजे रिकामा —

नाही

रिकामा नाही. मी आहे. इथे मागे आहे. उठलं. वळलं. जातंय. जाऊ नकोस, जवळ ये, काय करायचंय ते कर, पण जवळ येऊन. लांबून नको. डोळ्यानं नको बघू. पायानं ये, तीन पायांनी ये, पायानं