वहिनींना, एका शब्दाबद्दल

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र पोचलं. तुमची झोप आता जरा जागेवर आली असेल, धाकटी पुन्हा कामावर जायला लागली असेल. माझा गुडघा अजून रुसलेलाच आहे, पण जिने चढू देतो.

सर कोशाच्या ऑफिसात कसे होते, असं तुम्ही विचारलंत. "घरी ते फार बोलायचे नाहीत. तिथे हसायचे का हो?" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत बसले.

हसायचे. खूप हसायचे, वहिनी.

आमची खोली तुम्ही कधी पाहिली नाहीत. छापखान्याच्या डोक्यावर होती. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे कप आपोआप सरकायचे. इंग्रजी-मराठी कोशाचं काम. ते संपादक, मी त्यांची मदतनीस. एकदा 'एन्टायटल' हे क्रियापद आलं आणि आमचं वाजलं. एक अर्थ सोपा, पुस्तकाला नाव देणे. दुसरा, हक्क देणे. मी तसं लिहिलं. सरांनी खोडलं.

"अहो, शब्द वापरात कसा येतो ते बघा. ह्यांना रजेचा हक्क आहे, त्यांना उत्तर मागायचा हक्क आहे. बहुतेक वेळा असाच येतो. देणारा वाक्यात दिसतच नाही. तुम्ही 'देणे' लिहिलंत की वाचणारा त्याला शोधत बसेल."

"पण सर, कुणीतरी दिल्याशिवाय मिळेल कसा?"

आठवडाभर हेच. शेवटी एका सकाळी ते उठले, आपलं खिडकीतलं टेबल ओढत दाराशी नेलं, माझं खिडकीशी लावलं आणि धापा टाकत म्हणाले, "ह्या बाईंना खिडकीत बसायचा हक्क आहे. सांगा, ह्या वाक्यात देणारा कुठे दिसतोय?"

मी म्हटलं, "वाक्यात नाही, पण समोर दिसतोय की. घामाघूम झालाय."

इतके हसले, की काय झालं म्हणून छापखानेवाला वर बघायला आला. कोशात मग दोन्ही गेलं, हक्क देणे आणि हक्क असणे. टेबलं मात्र तशीच राहिली, ऑफिस बंद होईपर्यंत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्या दिवशी मी न सांगता का निघून गेले.

सर गेल्याचं कळून तुमच्या घरी माणसं जमली होती. मी दारापाशीच उभी होते. तुमच्या जाऊबाईंनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "ऑफिसातली." खरंच होतं ते. आमच्यात कधी काही बोललं गेलं नाही, वहिनी. ना त्यांच्याकडून, ना माझ्याकडून. तुमच्या वाट्याचं मी काही घेतलं नाही. पण सकाळी जिन्यावर त्यांची पावलं वाजली की मला बरं वाटायचं. इतकी वर्षं. ते गेल्यावर हे कुणाला सांगायचं? रडायलासुद्धा नातं लागतं. मला ते नव्हतं.

तेवढ्यात तुम्ही उठलात. सगळ्यांच्या मधून आलात, माझा हात धरून मला आपल्या शेजारी बसवलंत आणि जाऊबाईंना म्हणालात, "ह्या आमच्याच." तुम्हाला ठाऊक होतं, ना? तुम्ही हात सोडला नाहीत, त्यावरून मला कळलं. मग मला आवरेना, म्हणून पळाले.

रविवारी या, असं लिहिलंयत. येते. दुपारीच येते, म्हणजे अख्खी संध्याकाळ हाताशी राहील. ऑफिसातले सर मी सांगेन, घरातले तुम्ही सांगा. गप्प बसायचे तेव्हा कुठे बसायचे, ते मला दाखवा. आणि बोलता बोलता रडू आलं, तर ह्या खेपेला मी उठणार नाही.

तुमची,
आणि हे आज पहिल्यांदाच लिहितेय, त्यांचीही.