दोन वॉल्व्ह नसलेला रेडिओ

मामा, सासऱ्याला पत्र लिहिणारी सून तुम्ही पाहिली नसेल, आणि तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं होत आली, तेव्हा पत्ता काय घालायचा हाही प्रश्नच आहे. पण गेल्या आठवड्यात साताऱ्याहून कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ मोडका रेडिओ घेऊन आपल्या उंब्रजच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आले. नावाची पट्टी उखडलेली, बटणं नाहीत, मागचं झाकण नाही. हा कुठला आणि याचे काय येतील, एवढंच त्यांना हवं होतं. मी सवयीने त्याची पाठ माझ्याकडे फिरवली आणि तुमची फार आठवण आली.

रेडिओ नुसता तोंडाकडून ओळखायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पलटणीत उभा जन्म बिनतारी यंत्रांवर घालवलेले तुम्ही. मोतीबिंदूने नजर गेली तेव्हा दुकान बंद करायचं सोडून कुंडलहून नुकत्याच आलेल्या सुनेला चुलीपासून उठवून बाकावर बसवलंत. सासूबाई चार दिवस धुसफुसत होत्या. मी सेटच्या आतल्या पत्र्यावरचे बारीक आकडे वाचायचे, तुम्ही बोटांनी तारा चाचपायचात. डायलच्या काचेवर दिल्ली-मुंबईच्या रांगेत लाहोर आणि ढाका असेल तर सेट बहुतेक फाळणीआधीचा. मग वॉल्व्हच्या, त्या काचेच्या नळ्यांच्या, रिकाम्या जागा मोजायच्या, मग ट्रान्सफॉर्मर जळका आहे का ते वासावरून बघायचं. मी वाकले की म्हणायचात, "आमटी न्हाई ती, नीट हुंग." वर्षभरात मी तुमच्या आधी किंमत सांगू लागले. तरी गिऱ्हाईक मात्र किंमत माझ्या तोंडून ऐकायचं आणि मान तुमच्याकडे बघून हलवायचं. तुम्हाला ते दिसत नव्हतं. मला रोज दिसायचं.

मग ती वाटणी आली. चौऱ्याहत्तर साल असेल. जवळच्याच वाडीतल्या दोघा भावांपैकी धाकटा लढाईत कामी आला होता, आणि थोरला आता त्याच्या बायकोला वेगळं काढत होता. रीत तुम्हाला माहीतच आहे: बाहेरच्या माणसाने वस्तूला किंमत लावायची, एकाने ती घेतली तर दुसऱ्याला तेवढ्याच तोलाची दुसरी द्यायची, आणि ज्याला किंमतच नाही ते हवं त्याने उचलावं. रेडिओसाठी पंचांनी तुम्हाला बोलावलं, आणि तुमचे डोळे म्हणून मी बरोबर. त्या बाईने आपल्याला दारातच गाठून हळू आवाजात सांगितलं, की रजा संपवून जाताना नवऱ्याने त्यातले बिघडलेले दोन वॉल्व्ह रुमालात गुंडाळून अंबाल्याला नेले होते. तसलेच नवे घेऊन येतो म्हणाला होता. एवढंच सांगून ती आत गेली.

तुम्ही ओट्यावर बसून त्या दोन रिकाम्या जागांवरून बोट फिरवताय. मी आकडे वाचते, वास घेते. पाचसहा पुरुष टोप्या सावरत बघतायत. तुम्ही म्हणता, "खोकं हाय नुसतं. ह्याचं काय येत न्हाई." आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, बोलते. "आवं मामा, ट्रान्सफॉर्मर चांगला हाय की. स्पीकर बी. कराडात शंभराला कुनीबी घील." सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि माझ्याकडेच बघून माना हलवल्या. शंभराचा रेडिओ घ्यायचा तर त्या बाईला दुभती शेळी सोडावी लागणार होती, आणि पदरात दोन लेकरं. तिने शेळी घेतली. रेडिओ थोरल्याकडे गेला.

परत येताना मी तुमच्या काठीचं पुढचं टोक धरून चालत होते. ओढा ओलांडला. मला वाटलं आता चांगली खरडपट्टी निघणार. तुम्ही म्हणालात, "किंमत बरुबर केलीस. चूक माजी हाय. मी का खोटं बोलतूय ते तुला आदी सांगाय पायजे हुतं." मी हूं म्हटलं. पुढे आठ दिवसांत थोरल्याने तो विकला. तुम्ही दोनदा एसटीने कराडला जाऊन शोधलात, पण दुकानदाराने तो उसकटून सुटे भाग केव्हाच विकले होते. त्या बाईलाही तुम्ही तेच सांगितलंत, की पोरीला काय ठाव, तिच्यावर राग धरू नका. ती भेटली की माझी चौकशी करायची, आणि मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे.

साताऱ्याच्या गृहस्थांना मी आधी विचारलं, रेडिओ कुणाचा. आजोबांचा, म्हणाले. मी म्हटलं, खोकं आहे, घरी ठेवा. त्यांना तो विकायचाच होता, जागा अडते म्हणाले. मग मुकाट्याने खरी किंमत सांगितली. माझं शहाणपण हे असं, उशिरा आणि भलत्याच ठिकाणी.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. मामा, तुम्ही खोकं म्हणालात त्याच क्षणी मला कळलं होतं, तुम्ही का खोटं बोलताय ते. कळूनसुद्धा मी बोलले. तुम्ही शेवटपर्यंत मला अजाण समजत राहिलात, आणि मी ते समजू दिलं.