बिनमिठाची कणीक

अप्पा, तुमचा पखवाज मी माळ्यावरून खाली काढला आहे. तुमच्या पणतीने काढायला लावला. ती दुसरीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा तिची आई माझ्या मांडीवर होती, म्हणजे बघा किती काळ लोटला. आता आम्ही रावेतला राहतो. लेक हिंजवडीला कामाला जाते, जावई चाकणला कंपनीत असतात, आणि शाळा सुटली की पोरगी माझ्यापाशी. लेकीने तिच्यासाठी कीबोर्ड आणला होता, तो चार दिवसांत दिवाणाखाली गेला. मग गावठाणातल्या देवळात सप्ताह होता, तिथे मी तिला घेऊन गेले. भजन सुरू व्हायच्या आधी एक जण पखवाजाला कणीक लावत होता. ही माझा पदर ओढून मोठ्याने म्हणाली, "आजी, तो काका ढोलाला पोळी का चिकटवतोय?" पुढे बसलेल्या बायका हसल्या. त्या माणसाने हिला जवळ बोलावलं आणि डाव्या बाजूवर कणीक लावायच्या आधी एकदा, लावल्यावर एकदा थाप मारून दाखवली. आधीचा आवाज कोरडा, पत्र्याच्या डब्यासारखा. नंतरचा पोटात घुमला. तिने खरंच स्वतःच्या पोटावर हात ठेवला. घरी येईपर्यंत एकच धोशा, मला पोळीवाला ढोल शिकायचाय.

तुम्ही गेल्यावर दादाने विचारलं होतं, हे धूड कोण सांभाळणार? तेव्हा आमच्या ह्यांनी पखवाज रिक्षात मांडीवर घेतला आणि घरी आणला. वाजवता आमच्याकडे कोणालाच येत नव्हता. पण दर दसऱ्याला हे तो काढायचे, पुसायचे, थोडं ऊन दाखवायचे आणि परत गवसणीत घालून ठेवायचे. हे गेल्यापासून ते काम मी करते. चिंचवडला एक सर शिकवतात, त्यांनी दोन्ही बाजूंवर बोटं वाजवून पाहिली. म्हणाले, "काकू, उजवी पुडी बदलावी लागेल. डावीचं कातडं मात्र अजून चालेल. कोणीतरी फार नीट ठेवलंय." उजवी बदलून घेतली. डावी पुडी तुमच्या वेळची. तिच्या कडेला, तुमचा तळवा टेकायचा तिथे, काळपट डाग होता.

सर म्हणाले, हात लहान आहेत, घाई करू नका, आधी बोल तोंडाने म्हणू देत, टाळी देत. घरी रोज तिच्याजवळ कोण बसेल? मी म्हणाले, मी बसेन. म्हणजे जिला पखवाज येत नाही तीच शिकवणीला. पण बोल मला येतात, अप्पा. अजून डोळ्यांपुढे आहे, गुरुवारी भोसरीच्या कंपन्यांना सुट्टी म्हणून तुम्ही घरी, आणि आपल्या काळेवाडीच्या खोलीत चाळीतली पोरं भिंतीला टेकून बसलेली आहेत. तुम्ही त्यांना सांगताय, धा धा दिं ता, किट धा दिं ता, आणि मी ओट्याशी परातीत हात घालून उभी आहे. मला कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं, पण कान कोण बंद करणार? वाचायलाही मी पुढे अशीच शिकले, बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्यांची अक्षरं लावत लावत.

माझं काम कणकेचं. पोळ्यांच्या पिठात मीठ पडायच्या आधी तुमच्यासाठी एक गोळा वेगळा भिजवायचा. तुम्ही त्यातली चिमूट जिभेवर ठेवायचात आणि मगच बाकीची लावायचात. एकदा माझ्या हातून मिठाची गेली. तुम्ही जीभ लावलीत आणि सगळ्या पोरांसमोर म्हणालात, "मीठ हाय ह्यात. पावसाळ्यात मिठाची बरणी बघितलीस का? पाणी सुटतंय. कातड्याला पण तसंच व्हतंय." मी गोळा परत घ्यायला वाकले आणि जाता जाता पखवाजावर बोट टेकवलं. "हात काढ. पोरींचं न्हाई ते." तुम्ही चिडला नव्हता. मीठ हाय म्हणालात, त्याच आवाजात म्हणालात. म्हणूनच बहुधा मी पुन्हा कधी हात लावला नाही.

पोरगी चांगली रमली होती. दात घासताना तोंडात फेस आणि धा धा दिं ता. महिन्याभराने सरांनी हात ठेवू दिला. खालच्या मजल्यावरचा एक जण घरून काम करतो, तो वर येऊन म्हणाला, "आजी, माझी मीटिंग असते हो, जरा चारनंतर चालेल का?" हिने त्याला विचारलं, "काका, तुमची मीटिंग किती वेळ असते? माझी छोटीच असते." तो हसत खाली गेला. आणि मग एक दिवस अचानक, मला नाही शिकायचं. का, तर नाही. क्लासच्या दिवशी पोटात दुखायला लागलं. लेक म्हणाली, "सोड ना आई. नको म्हणतेय ना ती? मला वाटतं तिला नाही, तुलाच शिकायचाय तो पखवाज." तिने ते थट्टेतच म्हटलं. मी भांडी लावत राहिले. खोटं तर ती बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी केर काढताना गवसणी जरा वेडीवाकडी दिसली म्हणून उघडली. डाव्या बाजूला वाळून दगड झालेली कणीक, आणि तिच्या कडेने कातडं फाटत थेट तुमच्या डागातून गेलेलं. आत स्टीलचा चमचा. तुकडा हातात घेतला तर तेलाचा वास आला. पोळ्यांसाठी मीच मीठ-तेल घालून भिजवते आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवते, ती कणीक. दुपारी माझा डोळा लागल्यावर तिने एकटीने लावून पाहिली असणार, काढायची राहिली असणार, आणि मग घाबरून चमच्याने खरवडली असणार. मी तिथेच फरशीवर बसले. राग आला, अप्पा, फार आला. ह्यांनी इतके दसरे जपलेलं एका चमच्यात गेलं होतं. ती शाळेत होती हे बरं झालं.

ती यायच्या आत मी दोन गोळे भिजवून ठेवले. दारातून तिने उघडा पखवाज पाहिला आणि बूट न काढता तशीच उभी राहिली. मी म्हणाले, "हात धू आणि इकडे ये. हे चाख."

"खारट आहे."

"आणि हे?"

"याला चवच नाही."

"मग ढोलाला कुठलं?"

तिने बिनमिठाच्या गोळ्याकडे बोट केलं आणि मग एकदम रडायला लागली. "आजी, मी पणजोबांचा ढोल फाडला. मला आता कधीच हात लावायचा नाहीये." ते ऐकलं आणि माझा राग कुठे गेला कळलं नाही. हात लावायचा नाही, हे वाक्य या घरात पुन्हा नको होतं. मी म्हणाले, "अगं, तुझ्या पणजोबांनीसुद्धा पुडी फाडली होती. तुझ्याएवढे असताना. चमच्यानेच."

ती रडायची थांबली. "खरंच? मग त्यांना कोण ओरडलं?"

"कोणीच नाही. नवी बसवली आणि परत वाजवायला बसले."

"रडले का?"

"थोडेसे."

डावीला नवी पुडी बसली. पहिल्या दिवशी तिने चिमूट जिभेवर ठेवली, गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मीठ नाही," आणि लावली. तुमचं जीभ लावून बघणं मी तिला सांगितलं नव्हतं, ते तिचं तिनेच धरलं. थोडा वेळ वाजवून झालं आणि म्हणाली, "आता तू." मी म्हणाले, मला नाही येत. "बोल तर येतात की तुला!" मी हात ठेवला. धा कसला, नुसता भद्द आवाज आला. ती म्हणाली, "बोटं जुळव गं आजी." तेव्हापासून दोघी बसतो, आधी ती, मग मी.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. गवसणीच्या कप्प्यात तुमचं फाटलं कातडं घडी करून ठेवलंय, त्याच्याशेजारी राहील. एवढंच सांगायचं होतं की तुमच्या लहानपणाचं मला काहीच ठाऊक नाही. तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चमचा मी मनाने घातला. पण पोरीने ती गोष्ट क्लासभर सांगितली आहे, आणि सरही आता नव्या मुलांना धीर द्यायला तीच सांगतात. तेव्हा अप्पा, तिकडे कोणी विचारलंच, तर फाडली होती म्हणा.